संगणकी हिशेबाचा ताळा

हिशेब आणि विश्वास यांचे नाते फार जुने आहे. ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही असो, शाळेचे हजेरीपत्रक असो वा एखाद्या योजनेतील लाभार्थ्यांची यादी असो, तिच्या तळाशी असलेला आकडा बरोबर आहे या विश्वासावर पुढील सर्व निर्णय घेतले जातात. पूर्वी हा आकडा माणूस हाताने काढीत असे आणि दुसरा माणूस त्याचा ताळा पाहत असे. आता बेरजा-वजाबाक्यांचे काम संगणकाकडे गेले आहे. काम वेगाने होते, कागद स्वच्छ दिसतो. तथापि ताळा पाहण्याची सवय मात्र अनेक ठिकाणी मागे पडली आहे. ‘संगणक चुकत नाही’ ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. संगणकाला जी क्रिया करावयास सांगितली जाते, ती तो अचूक करतो. परंतु आज्ञा लिहिणाऱ्याच्या मनात एक क्रिया असते आणि त्याने लिहिलेल्या चिन्हाचा त्या भाषेतील अर्थ दुसराच असतो. शाळेच्या गणितात अधिक, उणे, भागिले व बरोबर या चिन्हांना ठरलेला अर्थ आहे. आज्ञालेखनाच्या भाषांत हीच चिन्हे आहेत, पण त्यांचे नियम भाषेगणिक बदलतात. या फरकातून निर्माण होणाऱ्या चुका कोणत्या व त्या कशा टाळाव्यात, याची माहिती हिशेबाशी संबंधित प्रत्येकास असणे इष्ट आहे.

स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे काय?

संगणकास द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली. काही भाषांत आज्ञावली आधी यंत्राच्या भाषेत रूपांतरित करून घ्यावी लागते. स्क्रिप्टिंग भाषांत तशी वेगळी तयारी करावी लागत नाही. लिहिलेल्या आज्ञा वाचून त्या लगेच अमलात आणल्या जातात. त्यामुळे लहानसहान कामांसाठी, म्हणजे याद्या एकत्र करणे, तक्ते तयार करणे, संकेतस्थळावरील अर्ज तपासणे यांसाठी त्या सोयीच्या ठरतात. बॅश ही भाषा १९८९ मध्ये, पायथन १९९१ मध्ये, तर जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या दोन्ही १९९५ मध्ये वापरात आल्या. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत तयार केला होता. लिहिणाऱ्याचे काम सोपे व्हावे म्हणून यांपैकी काही भाषांनी संख्या आणि अक्षरे यांतील भेद शिथिल ठेवला. ही सोयच पुढे अनेक चुकांचे कारण ठरली.

(प्रस्तुत लेखातील उदाहरणे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरी अंकांत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावी लागतात.)

अधिक चिन्हाचे दोन अर्थ

समजा, एका खातेदाराची घरपट्टी ३५० रुपये आणि पाणीपट्टी १२० रुपये आहे. दोन्ही रकमा पडद्यावरील चौकटींत भरल्या आणि जावास्क्रिप्टमध्ये त्यांच्यामध्ये अधिक चिन्ह लिहिले. अपेक्षित उत्तर ४७०. मिळालेले उत्तर ३५०१२०. याचे कारण असे की, चौकटीत टंकित केलेला मजकूर आज्ञावलीकडे नेहमी अक्षरांच्या स्वरूपात येतो, आणि अक्षरांच्या बाबतीत अधिक चिन्हाचा अर्थ ‘एकापुढे एक जोडणे’ असा आहे.

विशेष म्हणजे त्याच दोन चौकटींमध्ये उणे चिन्ह लिहिल्यास उत्तर २३० असे बरोबर येते. अक्षरांची वजाबाकी संभवत नसल्याने जावास्क्रिप्ट त्यांचे आपणहून संख्यांत रूपांतर करते. त्यामुळे केवळ वजाबाकीवर चाचणी घेणाऱ्यास आज्ञावली निर्दोष वाटते.

अन्य भाषांची रीत निराळी आहे. पायथन अक्षरे आणि संख्या यांची बेरीज करण्यास साफ नकार देते व चूक दाखवून थांबते. पीएचपीमध्ये जोडणीसाठी टिंब आणि बेरजेसाठी अधिक अशी स्वतंत्र चिन्हे आहेत. बॅशमध्ये बेरजेची खास खूण न करता ५+३ लिहिले, तर उत्तर ८ न येता ‘५+३’ ही तीन अक्षरेच परत मिळतात. नकार देऊन थांबणारी भाषा त्रासदायक वाटते खरी. पण हिशेबाच्या दृष्टीने तीच अधिक सुरक्षित आहे, कारण तेथे चूक लपून राहत नाही.

स्वल्पविराम आणि देवनागरी अंक

आपल्याकडे रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविराम देऊन लिहिण्याची पद्धत आहे. माणसाच्या डोळ्यास ती सोयीची आहे, यंत्रास नाही. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक वाचण्याचे जे एक प्रचलित साधन आहे, ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सव्वा लाखाचा एक रुपया करून मोकळे होते. पीएचपीमध्येही सक्तीने पूर्णांकात रूपांतर केल्यास तेच घडते. कोणतीही सूचना मिळत नाही. पायथनमध्ये मात्र अशी रक्कम संख्या म्हणून स्वीकारलीच जात नाही.

मराठीतून चालणाऱ्या कामकाजात देवनागरी अंकांचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पायथनमधील संख्या वाचण्याचे साधन देवनागरी अंक ओळखते; ‘१२३’ असे अक्षरांत आलेले मूल्य ते एकशेतेवीस म्हणून बरोबर वाचते. जावास्क्रिप्टला मात्र त्याचा बोध होत नाही. ती ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची ‘नॅन’ ही खूण परत करते. बेरजेत एक जरी नॅन आले, तरी संपूर्ण बेरीज नॅन होते. ती चूक निदान दिसते तरी. तुलनेत ती दिसत नाही. नॅन हे शून्याहून मोठे आहे काय, असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येते. परिणामी ज्याची थकबाकी देवनागरी अंकांत नोंदविली आहे, तो खातेदार थकबाकीदारांच्या यादीतून निमूटपणे गळतो.

भागाकार आणि टक्केवारी

वर्गात ६० विद्यार्थी आहेत व ४५ हजर आहेत. टक्केवारी काढण्यासाठी ४५ ला ६० ने भागून १०० ने गुणावयाचे, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. बॅशमध्ये याच क्रमाने आज्ञा लिहिली, तर हजेरी शून्य टक्के येते. बॅश केवळ पूर्णांकांत हिशेब करते. ४५ भागिले ६० याचा पूर्णांक भाग शून्य, आणि शून्य गुणिले शंभर म्हणजे शून्यच. तीच क्रिया उलट क्रमाने, म्हणजे आधी १०० ने गुणून मग ६० ने भागून केल्यास ७५ हे योग्य उत्तर मिळते.

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतही दोन पूर्णांकांचा भागाकार असाच होत असे. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा नियम बदलला. आता एक तिरकी रेघ म्हणजे अपूर्णांकासह भागाकार आणि दोन तिरक्या रेघा म्हणजे पूर्णांकी भागाकार. दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालविताना ७ भागिले २ याचे उत्तर ३ ऐवजी ३.५ येते, हे ध्यानात ठेवावे लागते. आज्ञावलीतील एकही अक्षर न बदलता उत्तर बदलते, ते असे.

क्रियांचा क्रम हाही दुर्लक्षित विषय आहे. तीन चाचण्यांत ४०, ५० व ६० गुण मिळाले असता ४०+५०+६०/३ असे लिहिल्यास सरासरी ५० न येता ११० येते, कारण भागाकार बेरजेच्या आधी होतो. शालेय गणितातील कंसांचा नियम येथे तंतोतंत लागू आहे. मात्र घाताच्या चिन्हाबाबत शालेय सवय उपयोगी पडत नाही. पायथन व जावास्क्रिप्टमध्ये ५^२ याचे उत्तर २५ नसून ७ आहे. त्या भाषांत हे चिन्ह द्विमान अंकांच्या एका निराळ्या क्रियेसाठी राखून ठेवले आहे. घातासाठी दोन फुल्या, म्हणजे  असे लिहावे लागते.

आणे गेले, पैसे आले

०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होते, हे प्राथमिक शाळेतील विद्यार्थीही सांगेल. पायथन व जावास्क्रिप्ट मात्र ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतात, आणि ही बेरीज ०.३ शी समान आहे काय या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देतात. हा यंत्रातील बिघाड नव्हे. संगणक संख्या द्विमान पद्धतीने साठवितो. एकतृतीयांश ही संख्या दशमान पद्धतीत जशी ०.३३३… अशी कधीच संपत नाही, तसाच एकदशांश द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही. ठरावीक जागेनंतर तो तोडावा लागतो. अशा संख्या कशा साठवाव्यात याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८५ मध्ये ठरले असून बहुतेक भाषा तेच पाळतात.

ही गोष्ट आपल्या जुन्या चलनावरून चटकन समजते. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक आणि रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा ही सर्व मापे दोनाने भागत गेल्याने मिळतात. द्विमान पद्धतीत ती तंतोतंत बसतात. १ एप्रिल १९५७ पासून दशमान चलन आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. या शंभरांपैकी पूर्ण रुपयाखेरीज केवळ २५, ५० आणि ७५ पैसे एवढेच द्विमान पद्धतीत अचूक मांडता येतात. बाकी प्रत्येक रकमेत अत्यल्प का होईना, पण खोट राहते.

अत्यल्प खोट साचत गेली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे नमूद करण्यासारखी आहेत. ती स्क्रिप्टिंग भाषांतील नाहीत, परंतु दोष याच जातीचा आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० या अंकापासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांश स्थळापुढील भाग जवळच्या अंकाकडे न वळविता नुसताच तोडला जात असे, आणि अशी गणना दिवसातून हजारो वेळा होई. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवीत होता. नव्याने हिशेब केला तेव्हा तो १०९८.८९२ निघाला. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. एकदशांश सेकंदाचे द्विमान रूप तोडून साठविल्याने तिच्या कालगणनेत तोवर सुमारे एकतृतीयांश सेकंदाचा फरक पडला होता. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

पैशाच्या हिशेबावर उपाय सोपा आहे. रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवावी आणि छापतेवेळीच तिचे रुपये करावेत. अथवा दशमान हिशेबासाठी भाषेत दिलेले स्वतंत्र साधन वापरावे; पायथनमध्ये ते ‘डेसिमल’ या नावाने उपलब्ध आहे.

पूर्ण रुपयात रक्कम करतानाही जपावे लागते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १७० प्रमाणे ५० पैसे वा त्याहून अधिक भाग असल्यास पूर्ण रुपया धरावयाचा आहे. पायथनचे ‘राउंड’ हे साधन मात्र बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. त्यामुळे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. कायदा आणि साधन यांत भेद पडल्यास कायद्याप्रमाणे आज्ञा स्वतंत्रपणे लिहिणे हेच योग्य होय.

तुलनेतील चुका

बेरजेतील चुकीने रक्कम बिघडते. तुलनेतील चुकीने माणूस यादीत येतो किंवा यादीबाहेर जातो. म्हणून या चुका अधिक काळजीने पाहिल्या पाहिजेत.

पहिली चूक बरोबर चिन्हाची. पुष्कळ भाषांत एक बरोबर चिन्ह (=) म्हणजे ‘हे मूल्य दे’ अशी आज्ञा असते आणि दोन बरोबर चिन्हे (==) म्हणजे ‘समान आहे काय’ असा प्रश्न असतो. ‘अर्जाची स्थिती मंजूर आहे काय’ हे विचारताना एक चिन्ह कमी पडले, तर जावास्क्रिप्ट आणि पीएचपी प्रत्येक अर्जास ‘मंजूर’ ही स्थिती देऊन पुढे जातात. पायथन अशी आज्ञा स्वीकारत नाही.

दुसरी चूक वयोमर्यादेची. १८ ते ६० वयाच्या व्यक्ती निवडण्यासाठी १८ <= वय <= ६० असे लिहिण्याचा मोह होतो. पायथनमध्ये ते बरोबर आहे. जावास्क्रिप्टमध्ये आधी १८ <= वय ही तुलना होते. तिचे उत्तर ‘सत्य’ असल्यास त्याचे १ व ‘असत्य’ असल्यास ० धरले जाते, आणि मग त्या १ किंवा ० ची तुलना ६० शी होते. दोन्ही ६० पेक्षा लहानच! त्यामुळे पाच वर्षांचे बालक आणि पंचाहत्तर वर्षांचे वृद्ध दोघेही पात्र ठरतात. येथे दोन तुलना स्वतंत्र लिहून त्या ‘आणि’ अर्थाच्या && या चिन्हाने जोडणे आवश्यक आहे.

तिसरी चूक रिकाम्या चौकटीची. परीक्षेस गैरहजर विद्यार्थ्याची चौकट रिकामी असते आणि हजर राहून काहीच न मिळविणाऱ्याच्या चौकटीत शून्य असते. जावास्क्रिप्टमध्ये दोन बरोबर चिन्हांनी तुलना केल्यास रिकामी चौकट आणि शून्य समान ठरतात. तीन बरोबर चिन्हे (===) वापरल्यास प्रकार आणि मूल्य दोन्ही पाहिले जातात व हा भेद राहतो. पीएचपीने या बाबतीतले आपले काही नियम २०२० मधील आठव्या आवृत्तीत कडक केले. त्यापूर्वी ० हा अंक आणि कोणताही बिगर-अंकी शब्द यांची तुलना समान ठरत असे.

चौथी चूक अक्षरक्रमाची. ‘९५’ आणि ‘१००’ ही दोन्ही मूल्ये अक्षरे म्हणून आली, तर शब्दकोशातील क्रमाप्रमाणे पहिले अक्षर पाहिले जाते. नऊ हा एकानंतर येतो, म्हणून ९५ मोठे ठरतात.

संख्या दिसते, पण संख्या नव्हे

खाते क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक, पिन कोड यांची कधी बेरीज होत नाही. ती अंकांत लिहिलेली नावेच होत. त्यांना संख्या मानल्यास आरंभीची शून्ये नाहीशी होतात. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ यापुढील पूर्णांक अचूक राहतीलच अशी हमी नाही. फार लांब क्रमांकाचा शेवटचा अंक बदलू शकतो. असे क्रमांक नेहमी अक्षरे म्हणूनच ठेवावेत.

आरंभीचे शून्य बॅशमध्ये आणखी एक अडचण निर्माण करते. शून्याने सुरू होणारी संख्या ती अष्टमान समजते. अष्टमान पद्धतीत आठ व नऊ हे अंकच नाहीत. महिन्याचा क्रमांक ०१, ०२ असा घेणारी आज्ञावली जानेवारी ते जुलै बिनतक्रार चालते आणि ऑगस्टमध्ये, ०८ येताच, बंद पडते. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरळीत होते. कारण ठाऊक नसलेल्यास हा प्रकार गूढ वाटतो. संख्येपूर्वी १०# ही खूण दिली, की ती दशमान म्हणूनच वाचली जाते.

ताळा कसा पाहावा

या सर्व चुकांचे एक लक्षण समान आहे. बहुतेक वेळा संगणक थांबत नाही, तक्रार करीत नाही, आणि चुकीचे उत्तर बरोबर उत्तराइतक्याच ठसठशीतपणे छापतो. म्हणून कार्यालयात, शाळेत वा ग्रामपंचायतीत नवी आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी पुढील दक्षता घेणे हिताचे ठरेल.

१. दहा-बारा नोंदींचा एक नमुना हाताने सोडवून ठेवावा आणि संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे.

२. या नमुन्यात अडचणीच्या नोंदी मुद्दाम घालाव्यात : रिकामी चौकट, शून्य, ऋण रक्कम, स्वल्पविराम असलेली रक्कम, देवनागरी अंक, ५० पैसे आणि ०८ हा महिना.

३. मर्यादेच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. अट १८ ते ६० असेल, तर १७, १८, ६० आणि ६१ ही चारही वये घालून पाहावीत.

४. आत गेलेल्या नोंदींची संख्या आणि बाहेर आलेल्या नोंदींची संख्या जुळते काय, हे प्रत्येक वेळी पाहावे. गळालेली नोंद याच ठिकाणी सापडते.

५. बाहेरून आलेले मूल्य प्रथम तपासून स्पष्टपणे संख्येत रूपांतरित करावे. ते काम भाषेच्या मर्जीवर सोडू नये. जेथे शंका असेल तेथे कंस घालावेत.

६. भाषेची आवृत्ती बदलली, की हा नमुना पुन्हा चालवावा.

यांपैकी पहिल्या चार गोष्टींसाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. आज्ञावली कोणी का लिहिलेली असेना, ग्रामसेवक, मुख्याध्यापक वा पंचायत सदस्य हा नमुना स्वतः तयार करू शकतो व उत्तरे मागू शकतो. शिक्षकांना तर पाव-निमकीपासून द्विमान पद्धतीपर्यंतचा हा विषय वर्गात शिकविण्याजोगा आहे.

वजनकाटा कितीही चांगला असला, तरी त्यावर अधूनमधून प्रमाणित वजन ठेवून पाहावे लागते. संगणकी हिशेबाचेही तसेच आहे. यादीत नाव नसलेल्या माणसास ‘संगणकाने असे दाखविले’ एवढे उत्तर पुरेसे होत नाही. आकडा यंत्राने काढला, तरी त्याखाली सही माणसाचीच असते, आणि ती करण्यापूर्वी ताळा पाहणे हे त्याचेच कर्तव्य आहे.